नवीन लावलेल्या सक्युलंट्सना पाणी किती घालायचं? पानं लिबलिबीत होऊन गळतायत

अबोली७
आम्ही डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पश्चिमेला आहे आणि कुंड्या बाहेरच्या ग्रिलमध्ये असतात. तीन आठवड्यांपूर्वी जवळच्या एका नर्सरीतून सात सक्युलंट्स (जाड पानांत पाणी साठवणारी झाडं) आणली, तीन एचेवेरिया, दोन हावर्थिया, एक जेड आणि एक घोस्ट प्लांट. आणली त्याच दिवशी संध्याकाळी छान रंगीत चिनी मातीच्या कुंड्यांत लावली (दोन कुंड्यांना खाली भोकच नाही, हे लावून झाल्यावर लक्षात आलं), लाल माती आणि गांडूळखत घातलं आणि लगेच भरपूर पाणी दिलं. तेव्हापासून रोज सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालतात ना, तर तांब्यात जे उरतं ते थोडं थोडं या सगळ्यांना घालतात. शिवाय गेले दहा दिवस पाऊस कसा कोसळतोय ते तुम्हाला माहितीच आहे, वाऱ्याने आत झड येते.

आता एका एचेवेरियाची खालची पानं पिवळी, जवळजवळ आरपार दिसतील अशी झालीयेत आणि बोट लावलं तरी पडतात. घोस्ट प्लांटची पानं मात्र उलट सुरकुतलीयेत. जेडने पाच-सहा पानं टाकली. हावर्थिया ठीक दिसतायत. मला कळतच नाहीये की पाणी जास्त झालंय की कमी पडतंय, एकाच बाल्कनीत एक सुजतंय आणि एक सुकतंय. नक्की किती दिवसांनी पाणी घालायचं असतं? आणि सासूबाईंना कसं सांगू हेही कळत नाही, त्या खरंच प्रेमाने घालतात, झाड तहानलेलं राहिलं की त्यांना चैन पडत नाही.

तांबडी_माती
आठवड्यातून एकदा घाला. माझं तेच वेळापत्रक आहे.

कातळफूल
अबोलीताई, आधी एक काम आजच करा, बाकीचं सावकाश वाचा. सगळ्या कुंड्या ग्रिलमधून आत घ्या, पंख्याचं वारं लागेल अशा उजेडाच्या जागी ठेवा आणि पाणी पूर्ण बंद. फवाराही नाही.

पिवळं, पारदर्शक, लिबलिबीत पान म्हणजे पाणी जास्त झालं, पानाच्या आतल्या पेशी फुटल्या. ते पान आता परत येत नाही, गळू द्या. सुरकुतलेल्या पानाची मात्र दोन कारणं असतात आणि बहुतेक जण इथेच फसतात. एक तर खरोखरची तहान. दुसरं म्हणजे मुळंच कुजलीयेत, त्यामुळे माती चिंब असूनही झाडाला वर पाणी ओढता येत नाही. पान दोन्हीकडे सारखंच दिसतं, म्हणून पान बघायचं आणि लगेच माती बघायची. माती कोरडी ठणठणीत असेल आणि पान सुरकुतलेलं असेल तर पाणी द्या. माती ओली आणि पान सुरकुतलेलं असेल तर झाड उपटून मुळं बघा, तिथे अजून पाणी घातलं तर झाड जातं. तुमच्या घोस्ट प्लांटचं मला हेच वाटतंय.

आता नवीन लावलेल्या झाडाचं. मोगरा किंवा जास्वंद लावली की आपण लगेच भरपूर पाणी घालतो कारण त्यांच्या पानात साठा नसतो, तासा-दोन तासात माना टाकतात. तीच सवय आपण इकडे आणतो. सक्युलंटच्या पानात आणि खोडात कित्येक दिवसांचं पाणी भरलेलं असतं, त्याला घाई नसते. कुंडी बदलताना कितीही जपलं तरी बारीक मुळं तुटतातच, आणि तुटलेल्या टोकाला लगेच ओल मिळाली की तिथून बुरशी आत शिरते. तेच टोक तीन-चार दिवस कोरडं राहिलं की त्यावर खपली धरते, आपल्या जखमेवर धरते तशी. म्हणून मी नवीन झाड आणलं की आधी नर्सरीने घातलेलं सगळं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) काढतो, मुळं मोकळी करतो, वर्तमानपत्रावर सावलीत तीन-चार दिवस नुसतं पडू देतो, मग कोरड्या मातीत लावतो आणि त्यानंतर अजून पाच ते सात दिवस पाणी देत नाही. पहिल्यांदा हे करताना जीव धास्तावतो, पण पुण्यात बारा वर्षं हेच करतोय, यामुळे एकही झाड गेलेलं नाही. गेली ती सगळी पाण्याने.

कोकोपीट का काढायचं तर ते वरून वाळलेलं दिसतं आणि मधोमध ओलंच राहतं. आणि एकदा पूर्ण वाळलं की उलटं पटकन भिजत नाही, बाजूने पाणी वाहून जातं. नर्सरीवाल्यांना ते हलकं पडतं, वाहतुकीला सोपं जातं म्हणून त्यात वाढवतात, त्यांच्याकडे वरून प्लॅस्टिक असतं, पाणी मोजून देतात. आपल्या बाल्कनीत तसं नसतं.

"किती दिवसांनी" या प्रश्नाला उत्तर नाही, आणि वर आठवड्यातून एकदा लिहिलंय त्यांना माझा विरोध नाही, त्यांच्या कुंडीला आठवडा बरोबर असेल. पण डोंबिवलीतल्या जुलैमध्ये, चिनी मातीच्या कुंडीत, लाल मातीत, आठवड्यात काहीही वाळत नाही. खराट्याची एक काडी घ्या, कडेने थेट तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून गालाला लावा. गार लागली किंवा माती चिकटून आली तर थांबा. कोरडी आली की मग अजून दोन दिवस थांबा आणि पाणी द्या. आणि देताना चमचा-चमचा नाही, तळातून वाहून जाईपर्यंत द्यायचं, ताटलीतलं साचलेलं ओतून टाकायचं आणि मग विसरून जायचं. रोज थोडं थोडं घातलं की वरचा इंचभर कायम ओला राहतो, मुळं खाली उतरतच नाहीत आणि खोडाच्या बुंध्याशी कुजायला सुरुवात होते.

पाणी मातीत घाला, डोक्यावरून नको. एचेवेरियाच्या मधल्या पानांत थेंब साचला आणि हवा दमट असली की तिथून काळं पडतं. साचलाच तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. पानावरची पांढरी भुकटी पुसू नका, ती त्याची उन्हातली छत्री आहे आणि त्या पानावर पुन्हा येत नाही.

गच्चीतली_बाग
मी कोल्हापूरची. दादा, तुमचं पटतंय पण सगळंच नाही. माझ्या जेडला मी उन्हाळ्यात दिवसाआड पाणी घालते, चार वर्षांचं झाड आहे, बुंधा मनगटाएवढा झालाय, एक पान गळत नाही. मग पाण्याने मरतं असं सरसकट कसं म्हणायचं? माझ्या आईने तर त्याला कधी वेगळं झाड मानलंच नाही, कढीपत्त्याबरोबर त्यालाही पाणी.

कातळफूल
ताई, तुमचं जेड जगतंय त्याची कारणं आहेतच की. मातीची कुंडी आहे का? (असणारच.) तिच्या अंगातून पाणी उडतं. गच्चीवर दिवसभर ऊन आणि वारा. आणि चार वर्षांत मुळांनी पूर्ण कुंडी भरून टाकलीये, तुम्ही घातलेलं पाणी ती दोन दिवसांत पिऊन मोकळी होतात. तीच जेड तीन आठवड्यांपूर्वी लावलेली, मुळं मूठभर, कुंडी चकचकीत चिनी मातीची आणि बाहेर पाऊस, असं धरा म्हणजे तेच पाणी महिनाभर तसंच बसून राहील. म्हणून तर कुंडीही झाडाच्या मानाने लहानच घ्यावी, रोपाच्या घेरापेक्षा बोटभर मोठी, बस. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत ती माती ओली राहते.

गच्चीतली_बाग
हो मातीचीच आहे. आणि बरोबर, पावसाळ्यात मी त्याला हातही लावत नाही, ते लिहायचं राहिलं.

अबोली७
कातळफूल दादा, रात्रीच सगळ्या कुंड्या आत घेतल्या आणि आज सकाळी हॉलमध्ये जुने पेपर पसरून एकेक उपटलं. जे दिसलं ते सांगते.

घोस्ट प्लांट उपटायला जोरच लागला नाही, उचललं तर हातात आलं. खाली मुळं नाहीतच, नुसतं तपकिरी दोऱ्यांसारखं काहीतरी, आणि त्याला दाबल्यावर ओलं कोकोपीट स्पंजसारखं पिळलं गेलं, आंबूस वास आला. आणि त्या गोळ्याच्या आत एक बारीक जाळीची पिशवी होती, चहाच्या पुडीसारखी, मुळं त्यातच अडकलेली. मला माहितीच नव्हतं असं काही असतं. सातपैकी चार झाडांना ती जाळी निघाली. पिवळ्या एचेवेरियाचा बुंधा खालून काळा आहे, साधारण अर्धा इंच, वरती हिरवा. जेडची मुळं पांढरी आहेत, ठीक वाटतायत. हावर्थियाची मुळं जाड, शेवयांसारखी, त्यातली दोन पोकळ निघाली, बाकी छान.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. ते काळं खोड बघून त्यांचा चेहरा उतरला, म्हणाल्या मी रोज घालत होते ते यांना नको होतं होय. मला फार वाईट वाटलं. आता पुढे काय करू? एचेवेरिया वाचेल का?

कातळफूल
वाचेल, वरचा भाग हिरवा आहे ना, मग वाचेल. धारदार ब्लेड घ्या, सॅनिटायझरने पुसा, काळ्या भागाच्या वरून आडवा छेद द्या. कापलेली जागा बघा, मधोमध जरी तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तरी अजून थोडं वर कापा, प्रत्येक वेळी ब्लेड पुसून. पूर्ण स्वच्छ हिरवट-पांढरं दिसेपर्यंत. इथे हात आखडला की कूज वर चढते. मग ते डोकं एका रिकाम्या कपावर, छेद खाली पण कशालाही न टेकता, असं ठेवा. या हवेत खपली धरायला आठवडा लागेल, लागू दे. त्यानंतर कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा, मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. दोन-तीन आठवड्यांत फुटतात, कधी जास्त. घोस्ट प्लांटचंही तसंच करा, ते तर फारच चिवट आहे. दोघांची गळलेली निरोगी पानं टाकू नका, कोरड्या मातीवर आडवी ठेवून द्या, काहींना टोकाशी गुलाबी मुळं आणि मग बारीक पिल्लू येईल. पान खोडापासून पूर्ण सुटलेलं असावं, अर्धं तुटलेलं पान सहसा फुटत नाही. (या पानांना मुळं आली की तेव्हा मात्र हलका फवारा चालतो.)

जाळी सगळ्यांची कापून काढा. पोकळ मुळं ओढून काढा.

मातीचं म्हणाल तर लाल माती एकटी नको, ती घट्ट बसते. मी तीन भाग खडबडीत माल आणि एक भाग चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, अधिक मूठभर कोकोपीट घेतो. खडबडीत म्हणजे पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे), चाळलेली जाड वाळू, विटांचे मटारच्या दाण्याएवढे तुकडे, जे मिळेल ते. विटा फोडल्या की धूळ चाळून टाकायचीच, धूळ राहिली की ती चिखल होऊन सगळी छिद्रं बुजवते. खाडीची वाळू नको, मीठ असतं. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा, मूठ उघडल्यावर विस्कटलं पाहिजे, लाडू वळला तर अजून खडबडीत माल घाला.

भोक नसलेल्या कुंड्यांना ड्रिलने भोक पाडून घ्या, नाहीतर त्या बाहेरच्या कव्हर म्हणून वापरा. तळाला खडे भरून भोकाचं काम होत नाही. पाणी खड्यांत उतरण्याऐवजी वरच्या बारीक मातीतच अडकून राहतं, म्हणजे ओली माती मुळांच्या अजून जवळ येते.

आणि सासूबाईंना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही, त्या तुळशीसारखं जपत होत्या. पाण्याऐवजी त्यांच्याकडे काडी द्या. रोज सकाळी काडी घालून बघायचं काम त्यांचं. ज्यांना झाडाकडे रोज बघायची सवय असते त्यांनाच कीड सगळ्यात आधी दिसते.

जांभा_आणि_पाऊस
रत्नागिरीहून. इकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तर कुंडी कुठून वाळणार. मी पावसाळ्यात एचेवेरियांना महिन्यातून एकदा पाणी देते, तेही सलग दोन दिवस उघडीप मिळाली तरच. काही वर्षी जुलैत एकदाही नाही. पानं थोडी मऊ पडतात, खालची एक-दोन कागदासारखी वाळतात, ते चालतं, झाड जुनं पान पिऊन टाकतं. कागदासारखं वाळलेलं पान आणि लिबलिबीत पान यातला फरक डोळ्यात बसला की निम्मी काळजी जाते.

वारा मात्र हवाच. ओल + बंद हवा म्हणजे बुरशी. मी पडवीत लहान टेबल फॅन लावते रात्री. विटांऐवजी आमच्याकडे जांभ्याचे तुकडे वापरते, चाळून, मस्त चालतात. आणि अबोली, नवीन झाडं जुन्यांपासून तीन-चार आठवडे लांब ठेव ग. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की तो पिठ्या ढेकूण, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपायचा, आणि रीपॉट करताना मुळांवरही बघायचं, तिथेही असतो.

जुन्नरकर_भटक्या
माझ्याकडे कुंड्या मोजून पाच, पण एक सांगावंसं वाटतं. आमच्या शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती आहे, फ्रेरिया इंडिका, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून ठेवलेलं नाव. जगात फक्त महाराष्ट्रात सापडते, जुन्नर, पुरंदर अशा मोजक्या ठिकाणी. तीही मांसल खोडाचीच, सक्युलंटच. पावसाळ्यात तिला पानं येतात, किरमिजी रंगाची पिवळी नक्षी असलेली चांदणीसारखी फुलं येतात आणि उन्हाळ्यात पानं झडून नुसतं खोड उरतं. आता पाऊस तर तिच्यावर धो धो पडतो, मग ती कशी कुजत नाही? तर ती उभ्या कातळाच्या फटीत असते. माती ओंजळभर, पाणी येतं आणि क्षणात खाली निघून जातं, वारा सतत. म्हणजे पावसाने मरत नाहीत ही झाडं, पाणी साचल्याने मरतात. मी कुंडी भरताना तोच कडा डोळ्यासमोर आणतो. (ती वनस्पती दुर्मिळ आहे, कड्यावरून कुणी उपटून आणू नका कृपा करून, फोटो काढा.)

कातळफूल
वा, फार सुंदर लिहिलंत. याला जोडून एक, ही झाडं दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. आपल्याकडच्या पावसाळी रात्री हवाच ओलीचिंब असते, त्यामुळे तेव्हाही पानातून फारसं पाणी बाहेर जात नाही. बाहेर जात नाही तर मुळं तरी ओढतील कशाला. मातीतलं पाणी तसंच राहतं ते त्यामुळे. एचेवेरिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, थंड रात्रींची सवय असलेली. आपल्याकडे ती खरी खुलते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, रंग तेव्हाच येतो. नवीन खरेदी शक्यतो तेव्हा करा.

संत्र्याचा_गाव
नागपूरकरांसाठीही लिहून ठेवतो, पुढे कुणाला कामी येईल. आमची लढाई उलटी आहे. मे महिन्यात ४५ अंशात काळी प्लॅस्टिकची कुंडी तापते, त्यात दुपारी पाणी घातलं की मुळं शिजतात अक्षरशः. मी हिरवी जाळी लावतो, पाणी सूर्य बुडाल्यावर तासाभराने, कुंडी हाताला गार लागली की मगच. एचेवेरिया उन्हाळ्यात वाढायची थांबते, तेव्हा खत अजिबात नाही. नवीन झाड आणून थेट उन्हात ठेवलं की दोन तासात पानावर तपकिरी चट्टे, ते डाग कायमचे. आधी आठ-दहा दिवस उजेडाची सावली, मग सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत न्यायचं.

काडीला पर्याय म्हणून मी किचनचा वजनकाटा वापरतो. माझी चार इंची कुंडी कोरडी असताना ४६० ग्रॅम भरते, भिजवून निथळल्यावर ५७०. परत ४६५ च्या आसपास आली की पाणी. महिनाभर असं केलं की पुढे नुसती कुंडी उचलून हाताला कळतं, काट्याची गरज पडत नाही.

अबोली७
आज बरोबर २६ दिवस झाले म्हणून सांगायला आले. जेड आणि दोन्ही हावर्थिया नवीन मिश्रणात छान आहेत, लावल्यावर आठ दिवसांनी पहिलं पाणी दिलं, तेव्हापासून एकदाच अजून. दुसरी एचेवेरिया वाचवता आली नाही, कूज मधल्या कोंबापर्यंत गेली होती, चार वेळा कापूनही तपकिरी कडं जाईना. तिसरी बरी आहे. कापलेल्या एचेवेरियाला काल उचलून बघितलं तर खालून चार गुलाबी मुळं, केसांसारखी, त्यांच्यावर बारीक लव. घोस्ट प्लांटच्या अकरा पानांपैकी सात फुटली.

ती सात पानं सासूबाईंच्या ताब्यात आहेत, बर्फीच्या डब्याच्या झाकणात मांडून ठेवलीयेत त्यांनी. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की चष्मा लावून एकेक पान बघतात आणि मला किचनमध्ये येऊन सांगतात की आज तिसऱ्याला पिल्लू आलं. काल मी विचारलं थोडं पाणी शिंपडू का, तर म्हणाल्या थांब, अजून झाकणाचा तळ गार लागतोय.

एकच विचारायचं, पिल्लू मोठं झाल्यावर आईचं पान काढून टाकायचं का?

जांभा_आणि_पाऊस
नाही ग, राहू दे. पिल्लू त्याच्यावरच जगतं सुरुवातीला, पूर्ण वाळून आपोआप सुटेल. तेव्हा लहान कुंडीत लाव, आणि त्यानंतरही आठवडाभर कोरडंच.